जेडची माती ओली आणि पानं मात्र सुरकुतलेली. भर पावसाळ्यात कुंडी बदलू का?

ठाणेकर_गच्ची

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

उन्हाळ्यात आम्ही नाशिकहून ठाण्याला राहायला आलो. सासूबाईंनी एका फांदीपासून वाढवलेलं जेड सोबत आणलं. खोड चांगलं मनगटाएवढं आहे. नाशिकला गच्चीत ते छान होतं. इथली बाल्कनी पश्चिमेकडे आहे आणि पाऊस सुरू झाल्यापासून झड थेट कुंडीवर येते.

आता खालची पानं पिवळी, लिबलिबीत होऊन हात लागला तरी गळतात. वरची पानं पातळ आणि सुरकुतलेली. वरून माती सुकलेली दिसते, पण उदबत्तीची काडी खोल खुपसली तर ओली माती चिकटून येते. कुंडी प्लास्टिकची, बारा इंची. आत नर्सरीतली लाल माती. मुख्य खोड टणक आहे, बुंध्याजवळची एक फांदी मात्र दाबल्यावर मऊ लागते.

शेजारी सगळे म्हणतात, पानं सुरकुतली म्हणजे तहान लागली, पाणी घाला. मला ते पटत नाही, पण खात्रीही नाही. कुंडी आत्ता बदलावी की ऑक्टोबरपर्यंत थांबावं? माती कोणती घ्यावी? शेजारीच मोगरा, तुळस, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट आहेत, त्यांचंही सांगा. सासूबाई सकाळी उठल्या की आधी या झाडापाशी जातात. ते वाचायलाच हवं.

कुंडीतलं_रान

ताई, पाणी अजिबात घालू नका. तुमची शंका बरोबर आहे.

पान सुरकुततं तेव्हा इतकंच कळतं की पाणी पानापर्यंत पोचत नाहीये. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली असूनही सुरकुतलं असेल तर पाणी ओढणारी मुळंच कुजली आहेत. वर पाणी घातलं की उरलेली मुळंही जातात.

जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, कोरड्या खडकाळ उतारांवरचं. त्याची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. त्यात आपली कोकणपट्टीची दमट हवा आणि ढगाळ दिवस. या दिवसांत ते जेमतेम पाणी पितं आणि प्लास्टिकच्या कुंडीतली लाल माती आठवडाभर ओली राहते.

झाड धडधाकट असतं तर मीही म्हटलं असतं, ऑक्टोबरपर्यंत थांबा. कूज मात्र थांबत नाही, म्हणून आजच काढा. मातीचा गड्डा हातानेच मोकळा करा, पाण्याने धुऊ नका. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं. कुजलेलं काळपट असतं, ओढलं की साल सुटून हातात येते, वासही येतो. तेवढं सगळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. मऊ फांदीही कापा आणि कापलेला भाग नीट बघा. आत तपकिरी डाग किंवा कडं दिसलं तर स्वच्छ हिरवट-पांढरा गाभा लागेपर्यंत आणखी कापत जा. इथे हात आखडू नका.

मग झाड तसंच, मातीशिवाय, सावलीत चार-पाच दिवस सुकू द्या. पावसाळी हवेत जास्त दिवस लागले तरी चालतील, पंखा लावा. जेड याने मरत नाही, त्याचं पाणी खोडात आणि पानात साठलेलं असतं.

माती: एक भाग पोयटा, एक भाग गांडूळखत, दोन भाग जाडसर वाळू, परलाईट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा शेंगदाण्याएवढे विटेचे तुकडे. बारीक भुकटी चाळून टाका. समुद्राची वाळू खारट, ती नको. काळी मातीही नको, ओली झाली की चिकट आणि सुकली की भेगा. कुंडी मातीचीच घ्या, उरलेल्या मुळांच्या मापाची. मुळं कापल्यावर ती आधीपेक्षा लहानच लागेल. तळाशी खडे घालायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पानफुटी

पान केवढं आहे? नर्सरीत दोन वेगळी झाडं जेड म्हणून मिळतात. नखाएवढं पान आणि लालसर काड्या असतील तर ते पोर्तुलाकारिया. आपल्याकडे जेडचे बोन्साय बहुतेक त्याचेच असतात आणि ते आपला पाऊस बऱ्यापैकी सोसतं. मोठं जाड पान म्हणजे क्रॅसुला, ते जास्त नाजूक. घरात मांजर-कुत्रा असेल तर क्रॅसुला त्यांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना बाधतं.

आणि मुळं कापायच्या आधी वरचे तीन-चार इंची टणक शेंडे काढून ठेवा. काप सुकला की कोरडसर मातीत खोचा. मोठ्या झाडाचं काही झालं तरी सासूबाईंचं जेड घरात राहील.

ठाणेकर_गच्ची

पान अंगठ्याएवढं, कडा लालसर. म्हणजे क्रॅसुला. मांजर नाही. शेंडे काढून ठेवते आणि आजच कुंडी उलटी करते.

मोगरा_आणि_मी

बाकीच्या कुंड्यांबद्दल लिहितो. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच मगाने पाणी घालण्याची सवय मोडा. स्नेक प्लांट जेडच्याच पंगतीतलं, पावसाळ्यात त्याला आडोशाला ठेवून पाणी जवळजवळ बंद. मनी प्लांटला बोटाचं एक पेर माती सुकली की पाणी. मोगऱ्याला उन्हाळ्यात रोज लागतं, झड येत असेल तर आत्ता वेगळं नको. त्याची कुंडी बदलायची तर फेब्रुवारीत छाटणीबरोबर, आत्ता हात लावू नका. तुळसही साचलेल्या पाण्यात जाते, कुंडीचं भोक मोकळं आहे का बघा आणि मंजिऱ्या खुडत राहा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाका, डासांची पैदास तिथेच होते.

ठाणेकर_गच्ची

कुंडी उलटी केली. खालची निम्मी मुळं काळी निघाली, वरची टणक आहेत. मऊ फांदी कापली, गाभा स्वच्छ लागला. झाड पंख्याखाली सुकलं, मग सांगितलेल्या मिश्रणात आठ इंची कुंडीत लावलं. पण पानं अजून अधूनमधून गळतायत. हे चालेल का? आणि पहिलं पाणी कधी?

कुंडीतलं_रान

काही दिवस गळतील. गळणारं पान टणक असेल तर काळजी नाही. खोडावर काळा डाग वर चढताना दिसला तरच पुन्हा काढून कापा. पहिलं पाणी आठवड्याने, काडी पूर्ण कोरडी येत असेल तरच, आणि तेव्हा तळातून वाहेपर्यंत. नंतर शेंड्याला नवी पानांची जोडी येईपर्यंत हात आवरा. खत दोन महिने नको. कुंडी भिंतीला लावून ठेवा, झडीपासून लांब पण उजेडात.