हात सुटला, खांदा धरला: रोज सव्वादोनशे पोळ्या

लाटणेवाली:
दीड महिना झाला, एका पोळी-भाजी केंद्रात सकाळी सहा ते दहा या वेळेत पोळ्या लाटते. सव्वादोनशेच्या आसपास. घरी वीस लाटणारी मी! पहिल्या दिवशी शंभरीलाच मनगट भरून आलं. पण खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वेणी घालायला हात वर जाईना, लेकीने घातली. दहा-बारा दिवसांत ते आपोआप गेलं, पोळ्या तेवढ्याच असून. आता नवीनच. दीडशेच्या पुढे उजवा खांदा कानाकडे चढतो, टाचा उचलून मी अख्ख्या अंगाने रेटते. पोळी गोलच येते, पण दुपारी मान आखडते. हात तयार झाला, की दुखणं नुसतं वर सरकलं?

डबेवाली मावशी:
अगं, ओटा उंच पडतोय तुला. टाचा उगाच उचलत नाही कुणी. पायाखाली पाट घे. आणि कणीक घट्ट मळतेस का? सैल भिजव, अर्धा तास झाकून ठेव. घट्ट उंड्याशी मीही दोन वर्षं कुस्ती खेळले.

हाडवैद्याची नात (फिजिओ):
दोन्ही झालंय. दहा दिवसांत स्नायू काही जाड होत नाहीत, आधी नसा शिकतात. नवखा माणूस लाटणं पळून जाईल असं आवळतो, उलट बाजूचे स्नायूही ताणून धरतो. सराव झाला की हे फुकटचे कष्ट सुटतात. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याला लोक लॅक्टिक अॅसिड म्हणतात, पण ते काम थांबल्यावर तास-दोन तासांत निवळतं. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं. ती एकदा भरून आली की तेच काम पुढे कमी दुखवतं.

खांद्याचं म्हणाल, तर मेंदूला पोळी पूर्ण करायची असते, कुणाच्या जोरावर याचं त्याला काही नाही. हात दमला की खांदा, पाठ, सगळ्यांना बोलावतो. 1880च्या दशकात इटलीत तुरिनला अँजेलो मोस्सोने थकवा मोजायचं यंत्र केलं. मधल्या बोटाने वजन ओढायचं, शेजारची दोन बोटं नळ्यांत अडकवलेली, कारण मोकळी सोडली तर ती मदतीला धावणार! तुमचा खांदा तसाच धावलाय. फक्त वर धरून ठेवलेल्या खांद्यात तेच ते छोटे तंतू सतत जुंपलेले राहतात, त्यांना सुट्टीच नाही. दर पंचवीस पोळ्यांनी हात खाली सोडून दहा श्वास घ्या. रात्री अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होत असतील तर मात्र डॉक्टरकडे जा, ती मनगटातली नस असू शकते.

लाटणेवाली:
बधिरपणा नाही. आज पाट घेतला, दोन इंचाचा. पंचवीसचा हिशोब चाळिसाव्या पोळीलाच चुकला. एकशेऐंशीच्या सुमाराला लक्ष गेलं, तर टाचा जमिनीवर. खांदा थोडा वरच होता. तव्यावरची म्हणाली, आज उंच कशी दिसतेस गं?