अतिवापराचे ‘घटक’ म्हणावं की ‘कारणं’?

प्रश्नकर्ती: एका पाहणीची प्रश्नावली मराठीत करतेय. लोक गरज नसताना अँटिबायोटिक का घेतात, ते मोजायचंय. कोशात ‘फॅक्टर’ला ‘घटक’ सापडला. ‘प्रतिजैविकांच्या अतिवापराचे घटक’ चालेल?

जुना मास्तर: गणितात फॅक्टर म्हणजे ‘अवयव’. तेवढं लिहू नका म्हणजे झालं! ‘घटक’ म्हणजे ज्यांची वस्तू बनते ते. औषधाच्या संदर्भात वाचणाऱ्याला बाटलीतलं द्रव्यच आठवेल. सरळ ‘कारणं’ म्हणा. कारण आहे की नुसता संबंध, हे मोजल्याशिवाय ठरत नसेल, तर ‘संबंधित बाबी’. रुक्ष आहे, पण खोटं नाही.

औषधदुकानदार: ताई, अडचण ‘प्रतिजैविक’ची आहे. माझं गिऱ्हाईक म्हणेल, असलं काही कधी घेतलंच नाही. आणि तोच माणूस ‘मागच्या वेळच्या त्या तीन गोळ्या द्या’ म्हणून ॲझिथ्रोमायसिन मागतो. ‘पॉवरच्या गोळ्या’ असं विचाराल तर त्यात टॉनिकही येईल. रिकामी पाकिटं समोर ठेवून विचारा. दुकानातली वही पुरेल असं समजू नका. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतल्या औषधांची वेगळी नोंद ठेवतो, पण त्यात सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आहे, ॲझिथ्रो नाही.

पिंपरीकर: आमच्या गावात १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधकंपनी आहे. ‘प्रतिजैविक’ मी फक्त पेपरात वाचलंय. त्यात आता ‘जैविक’ म्हटलं की शेणखत आठवतं.

आकडेमोड: ‘अतिवापर’वरही थांबा. खपाच्या आकड्यांतून फक्त ‘वापर’ दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचं त्यासाठी डीडीडी (डिफाइन्ड डेली डोस) नावाचं एकक आहे. त्याचं ‘दैनिक मात्रा’ करू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस वाटेल. ते निव्वळ हिशेबाचं माप आहे. तोंडाने घ्यायच्या ॲझिथ्रोमायसिनचं एक एकक ०.३ ग्रॅमचं. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची रोज एक, असे तीन दिवस घेतले की गोळ्या तीन आणि एककं पाच! यातलं ‘अति’ किती, हे गोळी कशासाठी घेतली ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर घेतली असेल तर एक गोळीसुद्धा जास्तच.

प्रश्नकर्ती: आणि ‘रेझिस्टन्स’? ‘प्रतिकार’ लिहिलंय.

आकडेमोड: नको. ‘प्रतिकारशक्ती’ आपल्या शरीराची असते, इथे औषधाला दाद देत नाहीत ते जंतू. संघटनेच्या २०१५ च्या १२ देशांतल्या पाहणीत, त्यात भारतही होता, ७६ टक्के लोकांना वाटत होतं की शरीरच औषधाला सरावतं. ‘प्रतिकार’ लिहून तो गैरसमज आपणच पक्का करू. त्यापेक्षा ‘जंतू औषधाला दाद देत नाहीत’ असं अख्खं वाक्य लिहा.

प्रश्नकर्ती: मग पहिला प्रश्न असा करते: ‘यातली कुठली गोळी तुम्ही डॉक्टरांना न विचारता घेतलीत?’

औषधदुकानदार: ‘घेतलीत’ नको, कुणी कबूल व्हायचं नाही. ‘घरात कुणी घेतली का’ असं विचारा.

जुना मास्तर: मग सगळा दोष सासूबाईंवर जाणार!