सिरीला सम्राज्ञी केलेल्यांनी ‘द विचर ४’कडे कसे पाहावे?

उत्तरवारा

नमस्कार. आधीच्या खेळांतील कथानक पुढे उघड होणार आहे, हे आरंभीच सांगतो.

१२ डिसेंबर २०२४ रोजी ‘द विचर ४’ या व्हिडिओ गेमचे पहिले ट्रेलर आले. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी. सहा मिनिटांच्या त्या चित्रफितीत आधीच्या खेळांचा नायक गेराल्ट नव्हे, तर त्याची मानसकन्या सिरी एका खेड्यात कामगिरीसाठी येते आणि राक्षसाला बळी दिल्या जाणाऱ्या मुलीला वाचवते. राक्षस मारून ती परतते, तेव्हा गावकऱ्यांनीच त्या मुलीचा जीव घेतलेला असतो. ते पाहिल्यापासून मी या खेळाची जितकी वाट पाहत आहे, तितकी आजवर कोणत्याही खेळाची पाहिलेली नाही. खेळ २०२६ संपेपर्यंत येणार नाही, असे तो घडवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने मार्च २०२५ मध्येच सांगून टाकले, तरी माझा उत्साह तसूभरही कमी झालेला नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. ‘द विचर ३’मध्ये सिरीचे पुढे काय होणार, हे आपल्या वागण्यावर ठरते. ती विचर होते, निल्फगार्ड साम्राज्याची सम्राज्ञी होते किंवा परतच येत नाही. मी पुण्यात भाड्याच्या खोलीवर राहत असताना तो खेळ पूर्ण केला आणि माझी सिरी सम्राज्ञी झाली. तो निर्णय मी विचारपूर्वक घेतला होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेली वेलन प्रांतातली खेडी पाहिल्यानंतर, ज्या मुलीने हे सगळे डोळ्यांनी पाहिले आहे तिच्या हाती सत्ता असावी, असे मला मनापासून वाटले. व्हाइट ऑर्चर्ड या गावातला सिरी-गेराल्टचा तो निरोप मला आजही जसाच्या तसा आठवतो.

आता नव्या खेळात ती विचर आहे. मग माझी ती कथा खोटी ठरली का? शिवाय ट्रेलरमध्ये तिचे डोळे मांजरासारखे दिसतात, म्हणजे माणसाचा विचर घडवणारी औषधी वनस्पतींची ती जीवघेणी परीक्षा तिने दिली आहे. हे मूळ कादंबऱ्यांशी जुळते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पानगळ

आपला प्रश्न माझ्याही मनात होता आणि बराच विचार केल्यावर मी एका निष्कर्षाला आले आहे. तो पटतो का, पाहा.

सिरीचे भवितव्य ज्या प्रसंगांवर ठरते, ते आठवून पाहा. गुरूच्या मृत्यूनंतर ती खचलेली असताना तिला ‘सगळेच जमायला हवे असे नाही’ म्हणून मद्याचा पेला पुढे करायचा, की तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचे? चेटकिणींच्या सभेत तिच्याबरोबर आत जायचे, की तिला एकटीला बोलू द्यायचे? तिचा मार्गदर्शक अव्हालाक याच्या प्रयोगशाळेत ती संतापली की तिला आवरायचे, की मोडतोड करू द्यायची? आणि स्क्याल या तरुणाच्या थडग्यापाशी जायला तिला वेळ द्यायचा की नाही? यांतल्या बहुतेक ठिकाणी बापाने, म्हणजे गेराल्टने, मुलीवर विश्वास टाकला, तरच ती जिवंत परत येते. सम्राटाची भेट आणि युद्धाचा निकाल यांवर तिने राजवाड्यात जायचे की रस्त्यावर, एवढेच ठरते. आपली सिरी सम्राज्ञी झाली, म्हणजे आपण तिच्यावर विश्वास टाकला होता. नवी सिरी त्याच विश्वासातून उभी राहिलेली आहे, त्यामुळे आपली कथा खोटी ठरत नाही, असे मला वाटते.

परीक्षेबद्दल मात्र मीही साशंक आहे. सिरी त्या परीक्षेतून गेली आहे, याला खेळ घडवणाऱ्यांनी दुजोरा दिला आहे. परंतु मूळ लेखक सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांत ही परीक्षा फक्त मुलग्यांना दिली जाते, त्यांतले बहुतेक दगावतात आणि विचर घडवण्याची ती विद्याही पुढे लोप पावलेली असते. मालिकेच्या पहिल्या कादंबरीत केर मोरहेन या गडावरचे विचर लहानग्या सिरीला अळंब्या आणि औषधी पाला खाऊ घालत असतात. ट्रिस ही चेटकीण तिथे पोहोचल्यावर ते तिच्या ध्यानात येते आणि ती त्यांना खडसावून थांबवते. मग इतकी वर्षे टळलेली गोष्ट सिरीने मोठेपणी का स्वीकारली, कोणाच्या हातून आणि कशाच्या बदल्यात? याचे उत्तर कथेत नीट दिले गेले, तर तो खेळाचा सर्वांत सशक्त भाग ठरेल. ते एखाद्या संवादात उरकले गेले, तर मला फार वाईट वाटेल.

तांत्रिक_वाचक

कथेबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी खेळाच्या घडणीकडे वळतो.

जून २०२५ मध्ये दाखवलेले तांत्रिक प्रात्यक्षिक ज्यांनी पाहिले नसेल, त्यांनी अवश्य पाहावे. त्यात सिरी केल्पी या आपल्या घोडीवरून कोव्हिरच्या डोंगराळ प्रदेशातून व्हालड्रेस्ट नावाच्या बंदराच्या गावात उतरते. बाजारात शेकडो माणसे आपापल्या कामात दिसतात आणि हे सगळे साध्या प्लेस्टेशन ५ वर सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालत होते. मालिकेचा दुसरा आणि तिसरा खेळ कंपनीने स्वतःच्या रेडइंजिनवर, म्हणजे खेळ घडवण्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर, केले होते, हा मात्र अनरिअल इंजिन ५ वर घडतो आहे. इंजिनाची देखभाल दुसऱ्या कंपनीकडे गेल्यामुळे चमूचा वेळ खेळाकडेच लागेल, ही आशा मला रास्त वाटते.

तरीही ते प्रात्यक्षिक होते, खेळ नव्हे, हे आपण विसरू नये. याच कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरातच तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला गेला आणि जून २०२१ पर्यंत परत आला नाही. तोच खेळ २०२३ च्या दुरुस्त्यांनंतर आणि ‘फँटम लिबर्टी’ या विस्तारानंतर मला अतिशय आवडला. मात्र त्या सुधारणेला जवळजवळ तीन वर्षे लागली. म्हणून आगाऊ खरेदी कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला उत्साह खरा आहे, तो पहिल्या दिवशीच पैशांत मोजून दाखवण्याची गरज नाही.

माळरान

थोडे वेगळे लिहितो, पण विषयाला धरूनच आहे.

‘द विचर ३’मध्ये मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे उभ्या पिकात भर दुपारी दिसणारी ती बाई, पोलिश लोककथांतील ‘पोउद्नित्सा’. दुपारी ऐन उन्हात शेतात थांबणाऱ्याला ती गाठते. आमच्या गावी आजी बाराच्या ठोक्याला विहिरीकडे आणि पिंपळाखाली जाऊ देत नसे. तिच्या मुंज्याची आणि हडळीची वेळही तीच होती. इतक्या दूरच्या देशातल्या शेतकऱ्यांना टळटळीत दुपारची तीच धास्ती वाटत होती, हे त्या खेळामुळे मला कळले आणि मी कंट्रोलर हातात धरून कितीतरी वेळ स्तब्ध बसलो होतो. नव्या ट्रेलरमधला राक्षस बाऊक हाही दक्षिण स्लाव्ह लोककथांतला, अंधारात दबा धरून बसणारा जीव आहे. म्हणजे ही मंडळी आपली वाट सोडत नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

सीडी प्रोजेक्टची सुरुवात १९९४ मध्ये वॉर्सात, बाहेरचे खेळ पोलंडमध्ये विकण्यापासून झाली. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा प्रचंड संवादांचा खेळ नामवंत पोलिश नटांच्या आवाजात, संपूर्णपणे पोलिश भाषेत आणला. स्वतःचा पहिला विचर त्यानंतर आठ वर्षांनी आला. आपल्या भाषेत खेळता यावे, या आग्रहातून आलेली ही माणसे आहेत, म्हणूनच त्यांच्या खेड्यांत मला परके वाटत नाही.

उत्तरवारा

सर्वांचे मनापासून आभार. पानगळ, आपण लिहिलेले प्रसंग वाचून मी माझी जुनी सेव्ह उघडून पाहिली. बर्फाचे गोळे मी फेकले होते, पण स्क्यालच्या थडग्यापाशी सिरीला नेले नव्हते, घाईत पुढे निघालो होतो. ते वाचताना आज अपराधी वाटले. आता प्रतीक्षेला वेळ आहे, तर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आहे. या खेपेस तिला तिथे घेऊन जाणार आहे आणि शेवटी तिच्यासाठी घडवलेली चांदीची तलवार तिच्या हाती देणार आहे.

तांत्रिक_वाचक, आगाऊ खरेदीबद्दलचा सल्ला मान्य आहे.

माळरान, आपल्या आजी ती बाराची वेळ सांगताना आणखी काही सांगत असत का? वेळ मिळाला तर अवश्य लिहा.