बेंच अन् झाडांच्या पलीकडचं
सोलर कंपनीच्या वार्षिक अहवालात शाळेचे बेंच अन् झाडं लावल्याचे फोटो सोडून गावासाठी काही नसते असं एकानं लिहिलं, ते पटलं, पण एक गोष्ट सुटली. सौर कृषी वाहिनी २.० मध्ये (शेतीला दिवसा सौर वीज द्यायची राज्य सरकारची योजना) सोलर प्रकल्प गावात झाला तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे ३ वर्षं, सरकारकडून मिळतात, त्याचा कंपनीच्या सीएसआरशी, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चाशी, संबंध नाही (कंपनीचे बेंच या ५ लाखांत मोजू देऊ नका). बाकी आमचा फीडर (शेताला वीज देणारी लाईन) सोलरवर गेल्यापासून हरभऱ्याचं ओलीत दिवसा होते हे मानतो, नाहीतर रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून धुऱ्यावर उभं राहायचं अन् पाणी वळवायला दांडाची नाकी फोडायची, साप निघाला तर नशीब. ग्रामपंचायतीच्या त्या ५ लाखांचं ग्रामसभेत विचारलं तर सचिव म्हणते फाईल वर गेली.