मोसंबी वाळतेय, काही झाडं पिवळी होऊन उघडी पडली, काही तपकिरी होऊन तशीच उभी, पाणी कोणाला देऊ?

बागवान_अंबड
राम राम मंडळी. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची ३०० झाडं आहेत, ९ वर्षांची, रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली. २०२३ चा पावसाळा कसा गेला ते सगळ्यांना माहितीय, सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आमचा पण आला. डिसेंबरला विहिरीत बऱ्यापैकी पाणी दिसत होतं म्हणून आंबे बहार धरला, ताण दिला (फुलं एकदम यावीत म्हणून काही दिवस पाणी बंद ठेवलं), जानेवारीत ताण तोडला, फूल पण मस्त निघालं. मार्चमध्ये विहीर तळाला गेली आणि आता एप्रिलमध्ये आठवड्याला १०,००० लिटरचे दोन टँकर विकत घेतोय, म्हणजे झाडामागे आठवड्याला जेमतेम ६५-६६ लिटर येतं.

आता बागेत दोन प्रकार दिसतायत. वरच्या ओळींतली पानं पिवळी होऊन गळून गेली, झाडं जवळजवळ उघडी आहेत. खालच्या ओळींत मुरूम वर आलाय तिथं पानं आठ-दहा दिवसांत तपकिरी झाली, पापडासारखी कडक, पण गळत नाहीत, फांदीवर तशीच लटकलीत. गावातले म्हणतात उघडी झाडं मेली, ज्यांच्यावर पानं आहेत ती वाचव. मला ते पटेना. आणि दुसरं म्हणजे पाणी देऊन पण झाड का वाळतं, बांधावरचा कडुलिंब तर एक थेंब न देता हिरवागार उभा आहे. वडिलांनी स्वतः खड्डे घेऊन लावलेली बाग आहे, ते रोज सकाळी जाऊन नुसते उभे राहतात. कोणीतरी नीट समजावून सांगा.

जुना_मोसंबीवाला
भाऊ, तुझं वाचून २०१२-१३ आठवलं. तेव्हा आमच्या जालना जिल्ह्यात बागाच्या बागा सरपणाला गेल्या, आमची पण अर्धी गेली. मी तेव्हा सगळ्या झाडांना थोडं थोडं पाणी वाटत बसलो, एकाला पण सोडायचं मन होईना, आणि त्यात कुणाचंच भागलं नाही. एवढ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला शंभरेक लिटर लागतं, तू आठवड्याला पासष्ट देतोस, ते वरच्या वर उडून जातं, मुळापर्यंत पोचतच नाही. जे वाचण्यासारखं आहे तेवढंच धर. आणि फळं उतरव बाबा. बोराएवढी झाली असतील ना आता, ती सगळी झाडाचं रक्त पिऊन राहिलीत. मी आशेनं ठेवली होती, फळ पण गेलं आणि झाड पण.

कडुलिंबाचं सोपं आहे, त्याची मुळं मुरमाच्या भेगांतून कुठल्या कुठं गेलेली असतात. आपली मोसंबी ठिबकवर वाढलेली, सगळी पांढरी मुळी ड्रीपरखालच्या ओल्यात, वरच्या दीड-दोन फुटात. ड्रीपर बंद पडला की तिला जायला जागाच नाही.

वनस्पती_ताई
दादा, मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. आणि आधी महत्त्वाचं: गावातले म्हणतात त्याच्या बरोबर उलट आहे. उघडी झाडं बहुतेक जिवंत आहेत. पानं धरून उभी तपकिरी झाडं, त्यांची काळजी वाटते.

का ते बघा. पान गाळणं हे झाडाचं काम आहे, ते आपोआप होत नाही. पाणी कमी पडतंय असं कळलं की झाड पानातलं नत्र वगैरे हळूहळू फांदीत ओढून घेतं, हिरवा रंग मोडतो म्हणून पान पिवळं दिसतं, मग देठाच्या बुडाशी एक पातळ पडदा तयार करून पान सोडून देतं. हे सगळं करायला फांदी जिवंत लागते. पळस, साग दरवर्षी हेच करतात, मोसंबी सदाहरित असली तरी अडचणीत तिला पण हे जमतं. तपकिरी होऊन लटकलेलं पान म्हणजे तो पडदा करायला सुद्धा वेळ मिळाला नाही, पान जागच्या जागी वाळलं आणि बऱ्याचदा मागची फांदी पण.

आता पाणी देऊन पण का मरतं. झाडाला मोटार नसते, पानातून पाण्याची वाफ होते तेव्हा तिथून खालपर्यंत पाण्याचा सलग धागा वर ओढला जातो, मुळापासून शेंड्यापर्यंत. जमीन सुकत जाते तशी ती पाणी सोडेना, वरून ऊन ओढतंय, धाग्यावरचा ताण वाढत जातो आणि एका क्षणी नळीत हवा घुसते. विहिरीत फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटार कशी एअर धरते, मग कितीही चालवा पाणी चढत नाही, अगदी तसंच. फरक एवढाच की मोटारीत वरून पाणी भरून ती परत सुरू करता येते, झाडाच्या हजारो बारीक नळ्यांत ते होत नाही, एकदा हवा धरलेली नळी बहुतेक वेळा कायमची गेली. झाडाला मग नवीन लाकूड तयार करूनच नव्या नळ्या मिळतात. म्हणून खाली आळ्यात पाणी असून वर फांदी वाळते.

हे टाळायला झाड पानावरची बारीक छिद्रं, पर्णरंध्रं, बंद करतं. पण त्याची किंमत दुहेरी आहे. हवा आत येत नाही म्हणजे अन्न तयार होत नाही, साठवलेल्या पिठावर दिवस काढायचे. आणि वाफ थांबली की पान थंड राहत नाही, ४२-४३ अंशात कडेकडेनं करपायला लागतं. तुमच्या झाडाचा साठा तर आधी बहाराच्या ताणात, मग फुलात, मग फळात गेलेला. हे तुमची चूक म्हणून सांगत नाही, डिसेंबरला पाणी बघून कोणीही बहार धरला असता.

एक करा. प्रत्येक झाडाच्या फांदीची साल नखानं खरवडून बघा, शेंड्यापासून खोडाकडे येत. आत हिरवी ओलसर असेल तर जिवंत, कोरडी तपकिरी असेल तर तेवढा भाग गेला. खोडाशी कलमाच्या वर हिरवं लागलं तर झाड सोडू नका.

परभणी_ते_फ्रेस्नो
मी मूळचा परभणीचा, ११ वर्षं झाली कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहतो. इथं २०१२ ते २०१६ दुष्काळ होता, २०१६ ला बास लेकला गेलो तर सिएरा नेवाडाचे अख्खेच्या अख्खे डोंगर पाईनच्या मेलेल्या झाडांनी तपकिरी झालेले, बघून पोटात गोळा आला होता. इथल्या वनखात्याचा आकडा आहे, २०१० पासून २०१७ च्या शेवटापर्यंत १२ कोटी ९० लाख झाडं मेली. त्यात शेवटचा घाव सालीतल्या भुंगेऱ्यांचा होता, एरवी पाईन भोक पडलं की चीक सोडून किड्याला बाहेर ढकलतो, पाणीच नसेल तर चीक कुठून येणार. तुमच्याकडे पण वाळक्या फांद्यांत साल पोखरणारी अळी असेल तर बघा, जाळी आणि भुसा दिसतो.

ताईंचं पानगळीचं एकदम बरोबर आहे. २०१४ ला इथल्या सिकोया झाडांनी, काही तर तीन-तीन हजार वर्षांची असतात, आतली जुनी पानं तपकिरी करून टाकून दिली, लोक घाबरले, पण बहुतेक झाडं टिकली.

अजून एक, १६-१७ च्या हिवाळ्यात इथं धो धो पाऊस आणि बर्फ पडला तरी त्या वर्षभरात आणखी २ कोटी ७० लाख झाडं मेली. तेव्हा जून आला म्हणजे सुटलो असं धरू नका.

जुना_मोसंबीवाला
हे जूनचं फार खरं आहे. आमची कितीतरी झाडं पहिल्या पावसानंतर गेली, मुळी आधीच मेलेली, त्यात आळ्यात पाणी साचलं आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळणारा रोग, धरला. वाळलेलं तेवढंच छाट, जिवंत लाकडाला हात लावू नको, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लाव, खोडाला पण लाव म्हणजे उन्हानं साल तडकत नाही. आळ्यात पाचट नाहीतर सोयाबीनचा भुसा चांगला वीतभर टाक, पाणी संध्याकाळीच सोड. युरिया अजिबात नको, नवीन पालवी निघाली तर ती पाजणार कोण. पानं शिल्लक आहेत त्या झाडांवर केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) ८ टक्के मार.

बागवान_अंबड
आज दिवसभर मी आणि वडील साल खरवडत फिरलो. वरच्या ओळींतली १७० झाडं होती उघडी, त्यातली १५२ आतून हिरवी निघाली, अगदी बारीक काड्यांपर्यंत. खालच्या तपकिरी ओळींत फक्त ४१ झाडांच्या खोडाला हिरवं लागलं. वडील पहिल्या दहा झाडांपर्यंत काही बोलले नाहीत, नंतर स्वतःच नखानं बघायला लागले. पुढचा टँकर १९३ झाडांनाच, खालच्या बाकीच्यांचे ड्रीपर संध्याकाळी बंद केले, ते काम मीच केलं, वडिलांना नाही सांगितलं करायला.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत फळं उतरवायला घेतोय, आई पण येते म्हणाली. पाचट शेजारच्या गावातून उसाच्या फडातून मिळतंय. ताई, जी १८ झाडं उघडी पण आतून कोरडी निघाली त्यांच्या कलमाच्या खाली, खुंटाला हिरवं लागतंय, ती ठेवू का?

वनस्पती_ताई
ठेवू नका दादा. खालून फुटलं तर ते रंगपूरचं फुटेल, मोसंबीचं नाही. त्यांचं पाणी त्या ४१ झाडांना द्या.