ऑरेगन ३२, ओहायो स्टेट ३१ : शेवटच्या दहा सेकंदांचा हिशेब

बकआय_पक्का · रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

कालची अमेरिकन कॉलेज फुटबॉलची, ऑरेगनच्या ऑट्झन स्टेडियममधली मॅच एका गुणाने गेली. दुसऱ्या क्रमांकाची आपली टीम ओहायो स्टेट तिसऱ्या क्रमांकाच्या घरी जाऊन हरली, यात लाज काहीच नाही. पण ज्या तऱ्हेने हरली ते घशाखाली उतरत नाही. राग काढायला बाकीचे धागे आहेत, इथे हिशेब हवाय. क्रम असा होता:

१:४७ बाकी असताना ऑरेगनचा किकर सॅपिंग्टनचा १९ यार्डांचा फील्ड गोल (किकने ३ गुण), ऑरेगन एका गुणाने पुढे. आपण तिथून त्यांच्या २८ च्या रेघेपर्यंत (त्यांच्या गोलरेघेपासून २८ यार्ड) आलो. मग आपला रिसीव्हर (पास पकडणारा) जेरेमाया स्मिथवर ऑफेन्सिव्ह पास इंटरफिअरन्स (पासच्या वेळी बचावपटूला ढकलणं), १५ यार्ड मागे, चेंडू ४३ वर. तिसरा डाउन (ठरलेलं अंतर कापायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), २५ यार्ड हवेत, १० सेकंद बाकी. ऑरेगनचे १२ जण (मुभा ११ ची) मैदानात, आपला पास पकडला गेला नाही. पेनल्टीचे ५ यार्ड मिळाले, पण घड्याळात राहिले ६ सेकंद. शेवटी ३८ वरून आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) विल हॉवर्ड स्वतः पळाला, २६ वर स्लाइड केली (घसरत खाली बसला) आणि घड्याळ शून्यावर. टाइमआउट (घड्याळ थांबवायची मागणी) हातात राहिला.

प्रश्न तीन. स्मिथवरचा फ्लॅग (पंचाने फाउलसाठी टाकलेला रुमाल) बरोबर होता का? १२ जण खेळवूनही त्यांचाच फायदा कसा झाला? आणि ६ सेकंदांत खरं काय खेळायला हवं होतं?

---

घड्याळ_आधी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेवढंच आपल्या हातात होतं.

आधी किकचं गणित. चेंडू ज्या रेघेवर असतो त्यात १७ मिळवायचे: १० यार्ड एंड झोनचे (गोलरेघेमागची पट्टी) आणि साधारण ७ यार्ड होल्डर (किकसाठी चेंडू धरणारा) मागे बसतो त्याचे. म्हणजे २८ वरून ४५ यार्डांची किक, ४३ वरून ६०, ३८ वरून ५५, २६ वरून ४३. आपला किकर फील्डिंग याने याच मॅचमध्ये ४० यार्डांची मारली होती. ५५ वर भिस्त ठेवणं कठीण, ४५ ते ४७ वर ठेवता येते. म्हणजे ३८ वरून गरज फक्त ८ ते १० यार्डांची होती. फर्स्ट डाउनसाठी (चार नवे प्रयत्न मिळायला) लागणाऱ्या २० यार्डांचा विचार त्या क्षणी डोक्यातून काढूनच टाकायला हवा होता.

आता वेळ. स्नॅप (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं) घेऊन तीन पावलं मागे जाऊन चेंडू सोडायला दोन सेकंदांच्या आत-बाहेर. हवेत एक सेकंद. पकडून खाली बसायला आणखी एक. झाले चार. उरतात दोन, त्यातला एक टाइमआउट मान्य होण्यात जातो. हे सगळे विसरतात, पण टाइमआउट मागितल्या क्षणी घड्याळ थांबत नाही. आधी चेंडू डेड व्हावा लागतो (तो खेळ संपावा लागतो), मग पंचाला ती मागणी दिसावी किंवा ऐकू यावी लागते, मग शिट्टी. ऑट्झनच्या त्या आवाजात ऐकू येण्यावर विसंबणं अवघडच.

हॉवर्डच्या धावेत काय झालं ते याच फूटपट्टीने बघा. आधी पॉकेटमध्ये (आपल्या ब्लॉकर्सच्या आड) थांबून रिसीव्हर शोधले. त्यात दोन-अडीच सेकंद गेले. मग पळाला. कागदावर १२ यार्ड दिसतात, पण तो रेघेच्या मागून निघाला, म्हणजे प्रत्यक्षात अठरा-वीस यार्ड. त्याला तीन सेकंद लागणारच. बेरीज साडेपाच. उरलेल्या अर्ध्या सेकंदात स्लाइड आणि टाइमआउट बसत नाही.

शिवाय फर्स्ट डाउनचा आधारही नव्हता. शेवटच्या दोन मिनिटांत फर्स्ट डाउन मिळाला की घड्याळ थांबतं, पण इथे त्यासाठी चेंडू १८ पर्यंत जायला हवा होता. आणि स्पाइकचा (घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटण्याचा) तर प्रश्नच नाही: कॉलेजच्या नियमात चालू होणाऱ्या घड्याळावर स्पाइक करायला किमान ३ सेकंद लागतात. १ किंवा २ उरले असतील तर एकच खेळ मिळतो.

टाइमआउट हातात असल्यामुळे साइडलाइनची गरज नव्हती, हे खरं दुखतं. मधलं मैदान मोकळं होतं. ऑरेगनचे मागचे खेळाडू खोलवर उभे राहणार हे उघड होतं. ९-१० यार्डांवर वळणारे दोन रिसीव्हर मध्यभागी, एक बाहेर. क्वार्टरबॅकने मनात तीन मोजायचे. तीनपर्यंत चेंडू हातातून गेला नाही तर बाहेरच्या रिसीव्हरच्या डोक्यावरून मैदानाबाहेर फेकायचा, म्हणजे दोन-तीन सेकंद शिल्लक राहतात आणि ५५ ची तरी किक मिळते. पकडणाऱ्याने एकही पाऊल पुढे टाकायचं नाही, जागीच बसायचं. आणि हेड कोचने आधीच त्या बाजूच्या पंचाजवळ उभं राहायचं, "खाली बसला की मागतोय" हे सांगून.

पळायला मनाई करा असं मी म्हणणार नाही. पण ६ सेकंदांत पळायचं असेल तर स्नॅपलाच पळायचं, आधी शोधाशोध करून नाही.

---

पिवळा_रुमाल

पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो.

स्मिथ. रिसीव्हरने रेघेच्या पलीकडे बचावपटूशी संपर्क सुरू केला आणि त्याला ढकलून जागा केली, तर हा फ्लॅग. पंच दोन गोष्टी बघतात: हात पूर्ण ताणला गेला का, आणि त्या ढकलण्यामुळेच अंतर पडलं का. अशा वेळी दोघांचेही हात चालू असतात, त्यामुळे आपल्या बकआय चाहत्यांना तो फ्लॅग हलका वाटणार आणि ऑरेगनच्या डक्सना स्वच्छ. निर्णय मैदानातल्या पंचाच्या नजरेवर आहे. मला विचाराल तर हात ताणलेला दिसतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तेवढं दिसलं की रुमाल पडण्याची जोखीम आपण स्वतः घेतलेली असते. ४५ ची किक ६० ची झाली, ती तिथे.

आता १२ जण. ही पेनल्टी ५ यार्डांची. स्नॅपच्या आधी पंचांच्या लक्षात आलं असतं तर खेळ तिथेच थांबला असता आणि एकही सेकंद गेला नसता. लक्षात आलं नाही, स्नॅप झाला, म्हणजे तो चालू खेळातला फाउल ठरला. पेनल्टी स्वीकारली की डाउन पुन्हा मिळतो, ५ यार्ड मिळतात, पण गेलेला वेळ परत मिळत नाही. नियमातलं भोक हेच. एक जादा बचावपटू लावून खोल पास बंद करायचा, चार सेकंद खायचे, बदल्यात ५ यार्ड द्यायचे. १० सेकंद असताना हा सौदा बचावाला स्वस्तात पडतो. ०:०० झाले असते तर मात्र चालला नसता, कारण बचावाच्या फाउलवर हाफ संपत नाही, वेळ नसलेला एक डाउन मिळतो.

हे मुद्दाम होतं का? खेळ थेट टाइमआउटनंतरचा होता, गोंधळात एखादा जास्तीचा राहिला असं मानणं कठीण आहे. ऑरेगनचे कोच डॅन लॅनिंग यांना दोष देता येणार नाही, पुस्तकात जे आहे ते त्यांनी वापरलं. उघड अन्यायकारक कृतीवर रेफरीला स्वतःच्या अधिकारात उपाय करता येतो असं एक कलम आहे. पण मैदानात काही सेकंदांत हेतू ठरवून ते लावायची हिंमत फार थोडे रेफरी करतील.

---

पहिली_रांग

दोघांचंही पटलं, पण शेवटच्या दहा सेकंदांत मॅच हरली यावर माझा विश्वास नाही.

ऑरेगनचा क्वार्टरबॅक डिलन गॅब्रिएलचे पासचे ३४१ यार्ड बघा. त्यांचा रिसीव्हर इव्हान स्ट्युअर्ट एकट्याचे १४९. आपला कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) सेफ्टीच्या (सगळ्यात मागच्या बचावपटूच्या) मदतीशिवाय एकटा ठेवला गेला, पुन्हा पुन्हा तिकडेच चेंडू आला, आणि तरी कव्हरेज उशिरा बदललं. क्वार्टरबॅकवर दाब नसेल तर कोणत्याही कॉर्नरला चार सेकंद माणूस धरून ठेवता येत नाही. दोन खोल सेफ्टी ठेवले असते तर धावेला जागा मिळाली असती, मान्य, गॅब्रिएल स्वतः २७ यार्ड पळून टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन ६ गुण) करून गेलाच. पण मोठे पास देण्यापेक्षा चार-चार यार्ड देणं परवडलं असतं.

दुसरं, ती खालून जोरात मारलेली किकऑफ (खेळ पुन्हा सुरू करणारी किक). चेंडू आपल्या पुढच्या फळीतल्या खेळाडूला लागून उडाला आणि ऑरेगनने घेतला. हा निव्वळ नशिबाचा भाग नव्हे. किक १० यार्डांच्या आत असो वा नसो, रिसीव्हिंग टीमच्या अंगाला चेंडू लागला की तो दोघांचा. म्हणूनच पुढच्या फळीने किकरच्या पायाकडे बघत राहायचं, ब्लॉक करायला आधीच वळायचं नाही. पाठ फिरली की चेंडू पाठीला लागणार. सरळ अंगावर आला तर पकडून गुडघ्यावर बसायचं, नाही जमलं तर सरळ बाजूला व्हायचं. चेंडूचा एक आख्खा ताबा आपण त्यांना फुकट दिला, आणि फरक एका गुणाचा.

---

बकआय_पक्का

@घड्याळ_आधी, मग ३८ वरून ६ सेकंद असताना थेट ५५ ची किक का नाही? एक धोका काही जण सांगतात: किक अपुरी पडली तर ती उचलून परत पळता येते.

---

घड्याळ_आधी

तो धोका आपल्याला लागूच नव्हता. २०१३ च्या आयर्न बाउलमध्ये (अलाबामा-ऑबर्न सामन्यात) अलाबामाने ५७ ची मारली तेव्हा स्कोर २८-२८ होता. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने ती अपुरी किक एंड झोनमधून परत आणली आणि ऑबर्न ३४-२८ जिंकलं. तिथे गमावण्यासारखं होतं, न मारता ओव्हरटाइम मिळाला असता. आपण एका गुणाने मागे होतो. किक चुकली काय, परत आणली काय, हार तीच. त्यामुळे पिछाडीवर असताना लांब किकची भीती फक्त अंतराची.

तरी मी आधी तो छोटा पास टाकला असता. ५५ आणि ४६ यांत कॉलेज किकरसाठी फार मोठा फरक आहे. लांब मारायची तर चेंडू कमी उंचीवरून जातो, म्हणजे ब्लॉक होण्याची शक्यताही वाढते. पास फसला तरी ५५ ची हातात राहतेच, अट एकच: चेंडू तीन सेकंदांत सुटला पाहिजे.

---

पहिली_रांग

आणि आपण ऑरेगनला १:४७ च्या आधीच मुद्दाम टचडाउन द्यायला हवा होता असं कोणी लिहिलंय, ते नको. १९ यार्डांची किक ते मारणारच होते, पण त्यानंतर आपल्याला फक्त फील्ड गोल पुरणार होता आणि वेळही पुरला, २८ पर्यंत पोचलोच ना. टचडाउन दिला असता तर आपल्याला टचडाउनच लागला असता.

---

पिवळा_रुमाल · गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

भोक बुजवलं. एनसीएएने (कॉलेज खेळांची संघटना) हंगाम चालू असतानाच नियमाचा नवा अर्थ लागू केलाय. दोन मिनिटांच्या टाइमआउटनंतर (हाफची दोन मिनिटं उरली की आपोआप होणारा विराम), कोणत्याही हाफमध्ये, बचावाचे १२ किंवा जास्त जण खेळात सहभागी झाले तर ५ यार्ड तर मिळतीलच, शिवाय आक्रमक टीमची इच्छा असेल तर घड्याळ स्नॅपच्या वेळी होतं तिथे परत नेलं जाईल आणि पुढच्या स्नॅपलाच सुरू होईल. बारावा खेळाडू बाहेर पळत होता आणि खेळावर त्याचा परिणाम झाला नाही, तर फक्त ५ यार्ड, घड्याळाला हात नाही.

शनिवारी हे लागू असतं तर: चेंडू ३८ वर, तिसरा डाउन, २० यार्ड हवेत, १० सेकंद, एक टाइमआउट. चार-साडेचार सेकंदांचा पास, टाइमआउट, आणि किकसाठी पाच सेकंद शिल्लक. निकाल बदलणार नाही, तो ३२-३१ च राहील. आपल्या कोचिंग स्टाफने आता निदान १२ मोजण्यासाठी साइडलाइनवर एक माणूस नेमावा. स्नॅपच्या आधी त्याने ओरडून पंचाला दाखवलं तर खेळ सुरूच होत नाही.