वजन ९४ किलो, प्रोस्टेटचं ऑपरेशन सहा आठवड्यांवर: आधी वजन उतरवायचं का?

कृष्णाकाठ (सांगली):
वडील ६४ वर्षांचे. उंची १६८ सेंमी, वजन ९४ किलो. प्रोस्टेटचा कर्करोग निघालाय. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ९.२, ग्लिसन (बायोप्सीत दिसणारी कर्करोगाची तीव्रता) ३+४, एमआरआयमध्ये आजार ग्रंथीच्या आतच. बायोप्सीची सूज उतरली की प्रोस्टेट काढायचं ठरलंय. सर्जन म्हणाले, वजन घटलं तर बरं. किती घटवायचं? नाही घटलं तर काय बिघडतं? मधुमेह आहे, रात्री जोरात घोरतात.

मिरजकर:
बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३३ येतो. आपल्याकडे २५ च्या वर स्थूल धरतात. तरी आधी टेपने पोटाचा घेर मोजा. ९० सेंमीच्या वर गेला की चरबी आतल्या अवयवांभोवतीही असणार, आणि ऑपरेशनला नडते ती हीच.

प्रोस्टेट ओटीपोटाच्या तळाशी, हाडाच्या मागे बसलेली. चरबीने जागा भरली की हत्यारं फिरवायला वाव राहत नाही, वेळ लागतो, रक्त जास्त जातं. ग्रंथी काढल्यावर मूत्राशय खाली ओढून मूत्रमार्गाला शिवतात. खोल, अरुंद जागेत ही शिवण नीट बसली नाही तर लघवी झिरपते आणि एरवी आठवडा-दहा दिवसांत निघणारा कॅथेटर (लघवीची नळी) लांबतो. जखमेत पू होणं, पायात रक्ताची गुठळी होणं, हेही जाड माणसात जास्त. रोबोटने रक्तस्राव कमी होतो, पण डोकं २५-३० अंश खाली आणि पोटात गॅस, त्यामुळे पोटाचा सगळा भार फुफ्फुसांवर येतो. भूलतज्ज्ञाची खरी परीक्षा तिथे. घोरण्याचं त्यांना आजच सांगा. झोपेची तपासणी करून सीपॅप मशीन (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवायला मास्कमधून हवा देणारं) लागलं, तर ते दवाखान्यातही सोबत न्यायचं.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जाड माणसात रक्ताचं एकूण प्रमाण जास्त, म्हणून पीएसए पातळ होऊन थोडा कमी दिसतो. ९.२ वर फार निर्धास्त राहू नका. आजार उलटण्याची शक्यताही स्थूलांमध्ये काहीशी जास्त आढळते. पण वजनासाठी ऑपरेशन महिनोन् महिने पुढे ढकलणं मला पटत नाही.

ओटीपोट_फिजिओ (सातारा):
सहा आठवड्यांत तीन-चार किलो पुरे. रोज साधारण ५०० कॅलरी कमी करा: चहातली साखर, फरसाण, भडंग, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात. डाळ, अंडी, दही कमी करू नका, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झिजतात. सपाटीवर अर्धा तास चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने.

लघवीवरचा ताबा स्थूल आणि बैठ्या माणसात उशिरा येतो. म्हणून व्यायाम आत्ताच शिकवा: वारा अडवताना आवळतो तो स्नायू ५ सेकंद आवळायचा, ५ सेकंद सैल सोडायचा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या-नितंब ताठ करायचे नाहीत. कॅथेटर असताना बंद, निघाल्यावर पुन्हा सुरू.

कृष्णाकाठ:
वडील म्हणतात, एकवेळच जेवतो, पटकन उतरेल.

मिरजकर:
नको. मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. त्यावर कडक उपास केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. ऑपरेशनआधी ही गोळी निदान तीन दिवस बंद ठेवतात. कधी आणि बदली काय, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर तेही भूलतज्ज्ञाच्या कानावर घाला. पोट उशिरा रिकामं होतं, भूल देताना उलटी फुफ्फुसात जाऊ शकते.